हिचवरचं वजन

१

ट्रेलर जोडताना स्नेहल प्रत्येक गोष्ट मोठ्यानं बोलायची. ही कंपनीत लागलेली सवय. चाकणजवळच्या एका टेस्टिंग कंपनीत ती गाड्यांमागं ट्रेलर लावून ते ट्रॅकवर पळवून बघायची. हिच, म्हणजे गाडीला ट्रेलर अडकवायचा सांधा, कुठल्या ओझ्याला टिकतं आणि कुठल्या ओझ्याला दगा देतं, हेच तिचं काम. आज मात्र ट्रॅक नव्हता. निघोज्यातलं सासरचं अंगण होतं, सासऱ्यांची जीप तिच्या ताब्यात होती, आणि मागच्या ट्रेलरमध्ये घरचे दोन शर्यतीचे बैल उभे होते, वजीर आणि हरण्या.

"जीपचा बॉल आणि ट्रेलरचा कपलर एकाच मापाचे," ती म्हणाली. "खटका बसला. पिन घातली. साखळ्या खालून, एकमेकींवरून फुलीसारख्या."

"साकळ्या कशाला?" नानासाहेबांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं, पण सुनेच्या तोंडून ऐकायला त्यांना आवडायचं.

"हिच सुटलं तर ट्रेलरची दांडी रस्त्यात रुतू नये म्हणून, नाना. ती साखळ्यांच्या फुलीवर अडकून राहते. जनावरं वाचतात."

"आन आमी इतकी वर्सं बैलं टेंपोत कोंबून नेली," नानासाहेब हसले. "बैलांनी आमाला कसं सोसलं आसंल."

ट्रेलर नवाकोरा होता. तळवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये तिनंच उभं राहून बनवून घेतला होता. बैल पुढच्या बाजूला शेजारी शेजारी बांधायचे, दोघांच्या मध्ये माणूस फिरेल एवढी वाट, आणि त्यांच्या मागं थोडी मोकळी जागा. नानासाहेबांनी सुरुवातीला ट्रॅक्टरचा पिनहुक लावू म्हटलं होतं. तिनं तो एकदा खडखडवून दाखवला आणि विषय मिटला. काल रात्री तर त्यांनी साऱ्या भावकीला सांगून टाकलं, "उद्या बैलं सूनबाई नेणार."

सगळ्यात शेवटी ती जीपच्या मागच्या चाकापाशी बसली आणि टायर व मडगार्ड यांच्या फटीत तिनं मूठ घातली. आडवी मूठ जेमतेम बसली. म्हणजे ओझं बरोबर. वजन फार पुढं आलं तर मूठ आत जाणार नाही. फार मागं गेलं तर मूठ सैल बसेल, आणि असा ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवायला लागतो. एकदा हलायला लागला की गाडीलाही घेऊन पलटतो.

"निघायचं," ती म्हणाली.

ओट्यावरून सासूबाई शालनबाईंनी हात हलवला. तिचा नवरा प्रीतम शर्यतीचा गाडा पिकअपमध्ये टाकून आधीच पुढं गेला होता.

२

सकाळचं ऊन कोवळं होतं आणि रस्ता कंटेनरनी भरलेला. महाळुंग्याच्या कंपन्यांच्या बसेस शिफ्टची माणसं घेऊन अंगावर येत होत्या. स्नेहलनं दोन्ही आरशांत ट्रेलरचा एकेक खांदा धरून ठेवला होता. जीप ओझं ओढत होती आणि ट्रेलर एखाद्या शहाण्या जनावरासारखा मागून येत होता. तिला मोठ्यानं गावंसं वाटत होतं.

नानासाहेब जीपची मागची काच उघडी ठेवून बसले होते. अधूनमधून ते हाक मारत. "वजीर." मागून एक फुरफुर यायची. "हरण्या." आणखी एक. मग ते समाधानानं पुढं बघायचे.

इंद्रायणीच्या पुलाकडं जाणारा उतार संपला तशी तिनं जीप बाजूला घ्यायला सुरुवात केली.

"हितं नको," नानासाहेब म्हणाले. "फुडं थांब."

"पुढं थांबायला साइडपट्टी नाही, नाना. थोडं अंतर गेलं की एकदा सगळं तपासायचं असतं. पिन, साखळ्या, बैलांचे दोर. लगेच निघू."

जीप थांबली तरी नानासाहेब उतरले नाहीत. एरवी बैलांसाठी सगळ्यात आधी उतरणारा माणूस, पण आज दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोरच्या काचेतून नाकासमोर बघत बसला.

स्नेहल उतरली. रस्त्याच्या कडेनं एक पायवाट खाली पाण्याकडं गेली होती. गवतानं ती अर्धी बुजलेली होती. पिन जागेवर. साखळ्या ठीक. तिनं मागचा फाळका खाली सोडला, आत चढून दोर ओढून बघितले, बैलांच्या पाठी थोपटल्या आणि उतरली. फाळका वर ढकलताना मात्र तो जड लागला. निघोज्यात तिनं एका हातानं बंद केला होता. इथं खांदा लावावा लागला. बिजागरी नवी आहे, तेल घालायला हवं, असं मनाशी म्हणत तिनं कड्या लावल्या.

३

पूल ओलांडला आणि चढावर जीप कुरकुरली. तिनं गिअर बदलला. जीपनं आणखी कुरकुर केली.

"बैलं काय रस्त्यात वाढली काय," ती हसत म्हणाली. नानासाहेब हसले नाहीत.

चढ संपून गाडीनं वेग घेतला, आणि स्टिअरिंग तिच्या हातात वेगळंच बोलायला लागलं. आधी बारीक थरथर. मग डावीकडं एक ओढ, मग उजवीकडं. आरशात ट्रेलरचा मागचा कोपरा दिसला, गेला, पुन्हा दिसला. शेपूट हलत होतं.

ब्रेक नाही, तिनं स्वतःला सांगितलं. ब्रेक लावला की संपलं. स्टिअरिंग सरळ, ॲक्सिलरेटरवरून पाय वर. मागून आलेला कंटेनर हॉर्न देत घासून गेला. जीप हळूहळू मंदावली आणि ट्रेलरही निवळला. तिचे हात स्थिर होते, आणि या गोष्टीचा तिला त्या क्षणीही अभिमान वाटला.

पुढच्या पेट्रोल पंपावर तिनं गाडी आत घेतली आणि धावत मागच्या चाकापाशी गेली. मूठ घातली. सैल बसली. म्हणजे वजन मागं गेलं होतं. दोर सुटले असणार. दोघंही मागं सरकले असणार.

ती मूठ काढणार एवढ्यात जीप खाली बसली.

हळूच, स्प्रिंगचा आवाज करत. फट मिटत गेली आणि मडगार्डची कड तिच्या बोटांच्या सांध्यांवर टेकली. तिनं हात ओढून काढला. सांध्यांवरची साल निघाली होती.

काहीतरी मागून चालत पुढं आलं होतं.

तिनं बाजूच्या जाळीतून आत बघितलं. बैल होते तिथंच होते, दोर ताणलेले, पाय जमिनीला खिळलेले. फक्त वजीर डाव्या भिंतीला चिकटला होता आणि हरण्या उजव्या. त्यांच्या डोळ्यांतला पांढरा भाग दिसत होता. मधली वाट मोकळी होती.

जीपची स्प्रिंग जुनी आहे, तिनं विचार केला. बसत असेल. टायरमध्ये हवा कमी असेल. पंपाची जागा उताराची असेल. तिनं टायर तपासले. हवा भरपूर होती. जमीन सपाट होती.

"काय झालं?" नानासाहेबांनी आतूनच विचारलं.

"काही नाही. बैल हलले."

"हां," ते म्हणाले. "बैलंच हलली आसतील."

४

त्यानंतर तिनं वेग वाढवला नाही. काच उघडी होती, त्यामुळं मागचं सगळं ऐकू येत होतं. लाकडी तळावर पावलं वाजत होती. मागं, मग पुढं. पावलं मागं गेली की स्टिअरिंग थरथरायचं, पुढं आली की जीपचं नाक हलकं व्हायचं. डोळे मिटूनही तिला सांगता आलं असतं, ते आत्ता कुठं आहे.

आधी तिला वाटलं खुरं आहेत. बैलाचं वजन, मग चाल बैलाचीच. पण ती कान देऊन ऐकत राहिली. चार पायांच्या चालीत एक गुंता असतो. ही चाल साधी होती. एक पाऊल, मग दुसरं, मग थांबणं.

"नाना, हाक मारा ना त्यांना," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला फार उत्साही वाटला.

नानासाहेबांनी घसा साफ केला. "वजीर."

फुरफुर आली, डावीकडून.

"हरण्या."

फुरफुर आली, उजवीकडून.

आणि मग तिसरा श्वास आला. मधून. उघड्या काचेच्या अगदी जवळून. लांब, दमलेला, आणि संपल्यावर थांबलेला, आता आपली पाळी आहे असं समजून कुणी थांबावं तसा.

स्नेहलनं नजर रस्त्यावरून हलवली नाही, पण बाजूला बसलेल्या माणसाचा जबडा तिला दिसला. नानासाहेबांच्या ओठांवर एक नाव आलं होतं. पहिलं अक्षर तयारही झालं होतं. त्यांनी तोंड मिटलं आणि ते गिळलं.

"कोण आहे?" तिनं विचारलं.

"न्हाई म्हाईत," ते म्हणाले आणि हात मागं नेऊन काच लावून घेतली.

५

शर्यतीच्या धावपट्टीला इकडं घाटच म्हणतात. मावळातल्या त्या गावी घाटाच्या दोन्ही कडांना माणसं मुंग्यांसारखी दाटली होती. स्पीकरवर पुकारणाऱ्याचा आवाज बसलेला, हवेत भंडारा, हलगीचा कडकडाट. स्नेहल गाडीतून उतरली आणि इतक्या माणसांत, इतक्या उन्हात, तिची तिलाच लाज वाटली. पावलं म्हणे. श्वास म्हणे.

प्रीतम धावत आला. "आणलेस का गं नीट? काय म्हणतोय तुझा ट्रेलर?"

"जड आहे जरा."

"दोन बैल आहेत बाई, हलका कसा असेल."

फाळका पडला तसे वजीर आणि हरण्या एकमेकांना ढकलत बाहेर आले. नानासाहेबांनी त्यांच्या मानेवर हात ठेवले. दोघंही घामानं निथळत होते. चार बैलांचा गाडा. पुढची जोडी तळवड्याच्या पाव्हण्यांची, मागं हे दोघं. बारी आली. निशाण पडलं. पुढं घोडी उधळली आणि गाडा सुटला.

स्नेहलनं असं पळणं कधी बघितलं नव्हतं. मागच्या जोडीनं पुढच्या जोडीला जणू उचलून नेलं. माणसं कडेवरून उड्या मारत होती, फेटे उडत होते, कुणाचा तरी हात तिच्या खांद्यावर बसत होता आणि ती स्वतः घसा फुटेपर्यंत ओरडत होती. "भिर्रर्र!" सगळा घाट एका आवाजात म्हणाला. गाडा वरची रेघ ओलांडून गेला आणि थांबला नाही. पलीकडच्या शेतात पार लांब जाऊन पोरांनी बैल धरले.

"पहिल्या नंबरात धर," प्रीतम तिला मिठी मारत म्हणाला. त्याच्या केसांत भंडारा होता. "काय पळाले गं. मागं वाघ लागल्यागत."

ती हसता हसता थांबली. गर्दीच्या पलीकडं, झाडाखाली जीप उभी होती. ती तिकडं चालत गेली. ट्रेलर रिकामा, फाळका जमिनीवर, आत शेण आणि विस्कटलेला पेंढा, बाकी काही नाही. दुपारचं ऊन कानाकोपऱ्यात पोचत होतं. तिनं चाकापाशी बसून मूठ पुढं नेली.

रिकाम्या ट्रेलरला मूठ सैल बसायला हवी होती. ती आत जाईना. बोटंही जाईनात.

आणि पेंढ्यातून, मधल्या वाटेवर, जड माणसानं अवघडलेली कूस बदलावी तसा आवाज आला.

६

वजीर परत चढायला तयार होईना. फाळक्यापाशी त्यानं पुढचे पाय रोवले आणि हंबरला. त्याच्या नादानं हरण्याही बसकण मारून बसला. शेवटी बैल प्रीतमच्या पिकअपमध्ये गेले आणि गाडा पाव्हण्यांच्या टेंपोत. ट्रेलर मोकळा परत न्यायचं ठरलं.

"इथंच सोडू या," स्नेहल नानासाहेबांना हळूच म्हणाली. "खटका उघडते, साखळ्या काढते, उद्या आणू."

तिनं पिन काढून बघितलीही. पण कपलरवर एवढं ओझं होतं की खटका जागचा हलेना. नानासाहेब तिचे प्रयत्न बघत उभे राहिले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. जोडलेलं हाय ते हाय. जाताना पुलापाशी थांब. मागचा फाळका उघडू. जायचं आसंल त्याला जाऊ दे तिथंच."

तिनं 'कुणाला' म्हणून विचारलं नाही. पिन परत घातली, साखळ्या ओढून बघितल्या.

परतीच्या वाटेवर मागची पावलं थांबलेली होती. वजन ट्रेलरच्या पुढच्या भिंतीला टेकून स्थिर होतं. जीपचं नाक हलकं पडलं होतं, पण ट्रेलर सरळ येत होता. स्नेहलला एकदा वाटलं, हे असंच राहिलं तर चालेल. ऊन कलायला लागलं होतं, रस्ता मोकळा होता.

नदीकडचा उतार लागला. खाली पूल दिसला, आणि पलीकडं ती पायवाट. तिनं गिअर उतरवला, वेग कमी करत आणला आणि पलीकडं थांबायचं म्हणून पुलाआधीच इंडिकेटर दिला.

वजन मागं धावलं.

चाललं नाही, धावलं. धाड धाड धाड, आणि ट्रेलरचं नाक उचललं गेलं. साखळ्या ताणल्याचा आवाज तिला पायाखालून आला. शेपूट एकदा हललं ते सकाळच्या दुप्पट, दुसऱ्यांदा हललं ते जीपला सोबत घेऊन. समोरून कंपनीची बस पुलावर चढत होती. तिच्या काचेतली झोपाळलेली तोंडं स्नेहलला दिसली. पाय वर, स्टिअरिंग सरळ, ब्रेक नाही. तिनं जे जे करायचं ते सगळं केलं आणि ते पुरेना. जीप रस्त्याच्या मधोमध आडवी व्हायला लागली.

"नाना," ती म्हणाली, "काय ते नाव घ्या."

नानासाहेबांनी डोळे मिटले होते.

"नाना, आपण मरू. बसमधली माणसं मरतील."

"चिमाजीदादा," नानासाहेब म्हणाले. मोठ्यानं नाही. घरात शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तसं. "न्हाई उतरवत तुला पुन्हा हितं. घरी चल."

ट्रेलर मागून कुणी धरावा तसा सरळ झाला. बस आरशाला घासून निघून गेली. मागून पावलं पुढं आली, सावकाश, एकामागून एक, आणि वजन पुढच्या भिंतीला टेकून बसलं. पूल गेला, पायवाट गेली. स्नेहलनं आता कुठं स्टिअरिंगवरची पकड सैल केली. तिच्या मनात अजून भीती होती, आणि बस चुकवल्याचा एक वेडा आनंदही होता. ती हसली आणि ते हसू तिला आवरेना.

लग्न करून आल्यापासून हे नाव त्या घरात तिनं कधी ऐकलं नव्हतं. ना कुणाच्या तोंडून, ना भिंतीवरच्या फोटोखाली.

"सांभाळून चालव," एवढंच नानासाहेब म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

७

निघोज्यात गुलाल आधीच पोचला होता. अंगणात बैलांभोवती भावकी जमून गेली होती. शालनबाईंचं बैलांना ओवाळून झालं होतं. जीप आत आली तशी माणसं गोठ्याकडं प्रीतमच्या मागं सरकली, वजीरला बघायला. दारात शालनबाई एकट्या उरल्या, हातात ताट, ताटात निरांजन, सुनेलाही ओवाळायचं म्हणून हसत उभ्या.

नानासाहेब उतरले. त्यांनी स्वतःच्या हातानं कड्या काढल्या आणि फाळका जमिनीवर टेकवला. मग बाजूला झाले.

कुणी बाहेर आलं नाही. म्हणजे स्नेहलला तरी कुणी दिसलं नाही. फाळक्याची फळी मध्यभागी वाकली आणि सरळ झाली. जीप मागून एकदम वर उचलली गेली, ओझं उतरल्यावर उचलली जाते तशी. नदीकाठच्या ओल्या गवताचा वास अंगणातून दाराकडं सरकत गेला.

तिनं सासूकडं बघितलं. शालनबाईंचं हसू गेलं होतं. त्या स्नेहलकडं बघतच नव्हत्या. त्यांची नजर अंगणातून कशाच्या तरी सोबत पुढं येत होती, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, पायरीपर्यंत. शालनबाई ना नवऱ्यासमोर पदर घेत, ना गावासमोर. पण त्यांनी ताट चौकटीपाशी खाली ठेवलं, दोन्ही हातांनी पदर कपाळापर्यंत ओढला, मान खाली घातली आणि थोरल्या दिराला वाट द्यावी तशा अंग चोरून बाजूला झाल्या.

"लई उशीर केलात," त्या जमिनीकडं बघत म्हणाल्या.

निरांजनाची ज्योत आडवी झाली आणि पुन्हा उभी राहिली.

गोठ्यातून प्रीतमनं आवाज दिला, "आई, कोण आलंय गं?"

शालनबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. नानासाहेब ट्रेलरच्या कडेला हात टेकून उभे होते. त्यांनी मान हलवली नाही, डोळे उचलले नाहीत.

"घरचंच माणूस हाय," शालनबाई म्हणाल्या.

आतल्या खोलीत कॉट करकरली. स्नेहल अंगणाच्या मधोमध उभी होती, सोललेला हात छातीशी धरून. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की आपण ओढणी डोक्यावर घेतली आहे.